रोमेलचा वळसा वाळूत कसा मांडावा

शाळेच्या प्रदर्शनासाठी वाळूच्या नकाशावर दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल घेतलात, तर इजिप्तमधली अल अलामेनची लढाई सोडा आणि लिबियातली गझालाची घ्या (मे-जून १९४२). अलामेनला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कतारा हा रणगाड्यांना न ओलांडता येणारा खोलगट प्रदेश. वळसा घालायला जागाच नाही. गझालाच्या ब्रिटिश संरक्षणरेषेची दक्षिण बाजू उघडी होती आणि रोमेल तिथूनच शिरला.

प्रमाण १ सेमीला १ किमी. गझाला ते बीर हकीम (रेषेचे दक्षिण टोक) साधारण ६० सेमी, गझाला ते तोब्रुक बंदर पूर्वेला ५५. ९० बाय ९० सेमी प्लायवुड पुरते. बीर हकीमच्या खाली १५ सेमी मोकळे हवेतच, नाहीतर वळशाचा मार्ग दाखवणारा दोरा फळीबाहेर जातो.

३ सेमी नुसती वाळू घातली तर वजन ३५ किलोच्या घरात जाते आणि फळी मधे वाकते. म्हणून खाली २ सेमी थर्माकोल, वर १ सेमी वाळू. थर्माकोल फेविकॉलनेच चिकटवा. रबर सोल्यूशनने तो विरघळतो.

समुद्रावरची वाळू नको. ती तिथून उचलूही नये, आणि तिच्यातले मीठ गोव्याच्या दमट हवेत ओल धरते. बांधकामाची वाळू चाळून, धुऊन, वाळवून घ्या. आपली तांबडी माती मिसळू नका, तिथली जमीन फिकट आहे. आणि वाळूच्या टेकड्या तर मुळीच नकोत! तिकडे खडकावर पातळ वाळू आणि खडी; उंचवटा दाखवायचा तो किनाऱ्यामागच्या कड्यांच्या पायऱ्यांचा.

वाळू पक्की धरायला एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. हे फवारायचे, ओतायचे नाही. साबण नसला तर थेंब कोरड्या वाळूवर गोळा होऊन राहतात. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस सुकू द्या. ओले असताना प्लास्टिकने झाकले की बुरशी धरते. सुरुंगांसाठी मोहरी वापरू नका, मुंग्या लागतात. टाचण्या लावा.

आता दोरे. २६ मे: समोरून इटालियन पायदळाची हूल, रात्री बीर हकीमला वळसा. २७ मे: वाटेत ब्रिटिशांच्या बाजूची तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड चिरडली गेली. पुढे रोमेलचे इंधन संपत आले, म्हणून त्याचा लाल दोरा पश्चिमेकडे ब्रिटिशांच्या सुरुंगपट्ट्यात परत वळवा. हे वळण बहुतेकांचे राहून जाते. १ जून: १५० व्या ब्रिटिश ब्रिगेडचा तळ पडला आणि रोमेलच्या रसदीची वाट खुली झाली. १०-११ जूनच्या रात्री ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंचांनी बीर हकीम सोडले. २० जूनच्या हल्ल्याचा बाण तोब्रुकच्या आग्नेय कोपऱ्यावर: तिथे ११ वी भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. ही चिठ्ठी ठळक अक्षरात लिहा. २१ जूनला तोब्रुक पडले.