हातात आलेला अनोळखी बोल्ट नेमका कोणता, हे कसे ओळखावे

दुकानात जाऊन ‘असलाच एक द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा थोडा वेगळा मिळतो, आणि तो थोडासा फरक घरी येऊन बसवायला घेतल्यावर कळतो. नुसत्या दिसण्यावरून नाव शोधण्यापेक्षा हा तुकडा कशाला धरून होता आणि कसा धरून होता, हे आधी ठरवलं तर काम सोपं होतं. त्यासाठी व्हर्नियर, एक पट्टी, कोरा कागद आणि ओळखीच्या मापाचे दोन-तीन नट एवढं पुरतं.

१. काढण्यापूर्वी जागा बघा

तो पलीकडे नटात जात होता, थेट धातूच्या आट्यांत, लाकडात, की प्लास्टिकमध्ये? सोबत वायसर किती होते आणि कोणत्या क्रमाने? एक फोटो समोरून आणि एक बाजूने काढून ठेवा. भोक आणि खाचही मोजून घ्या. पुढे काही वस्तूंच्या बाबतीत खरं माप तेच असतं.

२. आटे आहेत का?

नसतील तर बहुधा पिन, क्लिप किंवा रिव्हेट आहे. गुळगुळीत, कडक आणि भरीव असेल तर डॉवेल पिन. ती दोन भाग एका रेषेत ठेवते. लांबीभर फट असलेली स्प्रिंगच्या पत्र्याची नळी म्हणजे रोल पिन. दुमडलेली, एका टोकाला डोळा असलेली आणि दुसऱ्या टोकाला दोन पाय फाकवायची तार म्हणजे स्प्लिट पिन. कान असलेली गोल कडी म्हणजे सर्क्लिप. तिचे कान बाहेरच्या बाजूला असतील तर ती शाफ्टवर बसते, आतल्या बाजूला असतील तर भोकात.

या मंडळींचं माप ती जिथे बसतात त्या जागेवरून ठरतं. रोल पिन मोकळी असताना नावातल्या मापापेक्षा किंचित जाड भरते, म्हणून भोक मोजा. स्प्लिट पिनचंही तसंच. सर्क्लिपसाठी शाफ्टचा किंवा भोकाचा व्यास सांगायचा, कडीचा नाही.

३. आटे कोणत्या जातीचे?

अंगाची जाडी सारखी, आटे बारीक आणि टोक बोथट असेल तर तो नटात किंवा आधीच आटे पाडलेल्या भोकात जाणारा मशीन स्क्रू किंवा बोल्ट. टोक अणकुचीदार आणि आटे विरळ असतील तर लाकडाचा किंवा पत्र्याचा सेल्फ टॅपिंग स्क्रू. टोकाला ड्रिलच्या बिटासारखी खाच असेल तर सेल्फ ड्रिलिंग. मुंडीच नसेल आणि एका टोकात एलन कीची, म्हणजे षटकोनी, खाच असेल तर ग्रब स्क्रू. मुंडीही नाही, खाचही नाही आणि दोन्ही टोकांना आटे असतील तर स्टड.

४. मुंडी आणि खाच

गोल, घुमटासारखी मुंडी आणि तिच्या खाली चौकोनी मान असेल तर कॅरेज बोल्ट. ती मान भोकात रुतते, त्यामुळे नट कसताना बोल्ट फिरत नाही. उंच दंडगोल मुंडी आणि षटकोनी खाच म्हणजे एलन बोल्ट. वरून सपाट, खालून निमुळती मुंडी म्हणजे काउंटरसंक, दुकानातल्या भाषेत सीएसके.

प्लसच्या खाचेत एक फसवणूक असते. चार फाट्यांच्या मध्ये तिरक्या बारीक रेषा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह. त्यात फिलिप्सचा, म्हणजे साध्या प्लसचा, स्क्रू ड्रायव्हर घातला की घसरतो आणि खाच चाटून जाते. सहा पाकळ्यांची चांदणी म्हणजे टॉर्क्स.

‘तेरा नंबरचा बोल्ट’ हे नाव नाही. तेरा हा पान्याचा नंबर झाला. बोल्ट बहुधा एम ८, म्हणजे आट्यांवर ८ मिमी व्यासाचा मेट्रिक बोल्ट, असतो. पान्यावरून माप ठरवणं धोक्याचंही आहे, कारण एम १० च्या मुंडीला जुन्या डीआयएन (जर्मन) मानकात १७ चा पाना लागतो आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानकात १६ चा.

५. व्यास, पिच आणि लांबी

व्यास आट्यांच्या माथ्यावर मोजा, तोही न झिजलेल्या भागावर. एम ८ चा बोल्ट ७.८ ते ७.९५ मिमी भरतो. पूर्ण ८ भरत नाही म्हणून गोंधळू नका.

पिच म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर. पिच मोजायचं गेज नसेल तर बोल्ट कागदावर दाबून घ्या, ठसे उमटतात. दहा फटींचं अंतर मोजा आणि दहाने भागा. चूक इथेच होते: लोक दहा माथे मोजतात, आणि दहा माथ्यांमध्ये फटी नऊच असतात. दहा फटींना १२.५ मिमी आले तर पिच १.२५, म्हणजे एम ८ चा नेहमीचा आटा. साधारण १४.१ आले तर इंचाला १८ आटे, म्हणजे ५/१६ इंची (अडीच सूत) बोल्ट आहे. त्याचा व्यास ७.९४ मिमी असतो, त्यामुळे व्यासावरून दोघांत फरक कळतच नाही. असा बोल्ट एम ८ च्या नटात दोनेक फेरे जातो आणि अडकतो. तिथे पाना लावून जोर केला की दोघांचेही आटे जातात.

याहून वाईट जोडी म्हणजे एम ५ आणि इंची १०-३२ (१० नंबरचा, इंचाला ३२ आट्यांचा). एकाची पिच ०.८, दुसऱ्याची ०.७९४. १०-३२ चा स्क्रू एम ५ च्या नटात बोटांनी शेवटपर्यंत जातो, फक्त थोडा हलतो, कारण त्याचा व्यास ४.८३ आहे. तो ढिलेपणा ‘चालतंय’ म्हणून सोडू नका. ताण आला की आटे सोलून निघतात.

पाइपाच्या आट्यांना वेगळाच हिशेब आहे. अर्धा इंची पाइप आटा बाहेरून जवळजवळ २१ मिमी भरतो. पाणी, हवा किंवा तेलाच्या जोडणीतला तुकडा असेल तर हे आधी आठवा.

लांबी साधारणपणे मुंडीच्या खालून टोकापर्यंत. काउंटरसंक मात्र मुंडीसकट मोजायचा, कारण तो पूर्ण आत जातो. ग्रब स्क्रूची अख्खी लांबी घ्या.

६. मुंडीवरची अक्षरे वाचा

८.८, १०.९, १२.९ हे आकडे पोलादाच्या ताकदीचे आहेत. ८.८ म्हणजे ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि तिच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. ए२-७० किंवा ए४-८० लिहिलं असेल तर स्टेनलेस. आकडे नाहीत आणि तीन आरे दिसत असतील तर इंची ग्रेड ५, सहा आरे असतील तर ग्रेड ८. ब्रेक, सस्पेन्शन किंवा उचल-यंत्राच्या जागी खालच्या ताकदीचा बोल्ट घालू नका, माप कितीही तंतोतंत जुळलं तरी.

७. नाव पूर्ण लिहा

उदाहरणार्थ: हेक्स (षटकोनी मुंडीचा) बोल्ट, एम १० × १.५ × ४० (व्यास × पिच × लांबी), पूर्ण आटे, ८.८, झिंकचा मुलामा. मानकाचा क्रमांक माहीत असेल तर तोही लिहा, कारण बोली नावं फसवतात. ‘सेट स्क्रू’ म्हटल्यावर कोणी ग्रब स्क्रू देतं, तर कोणी पूर्ण आट्यांचा हेक्स बोल्ट. डीआयएन ९१२ म्हटलं की एलन बोल्टच, डीआयएन ६०३ म्हणजे कॅरेज बोल्टच, डीआयएन ४७१ म्हणजे शाफ्टवरची सर्क्लिपच. तिथे वाद होत नाही.

एवढं करूनही नाव सापडलं नाही, तर तो तुकडा बहुधा कंपनीने त्या यंत्रासाठीच बनवलेला असतो. गाडीच्या ट्रिम-क्लिपा आणि फर्निचरचे काही कॅम लॉक असेच असतात. तेव्हा प्रमाणित नाव शोधत बसू नका. यंत्राच्या सुट्या भागांच्या आकृतीत त्याच्या शेजारी जो क्रमांक छापलेला आहे, तोच मागा.