सेंद्रिय सौरघटासाठी इलेक्ट्रॉन-ग्राही रेणू कसा घडवावा

रेणू कागदावर काढण्याआधी त्याचा जोडीदार, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा बहुवारिक (पॉलिमर) अर्थात दाता, निश्चित करावा. सौरघटाचा व्होल्टेज मुख्यत्वे दात्याचा होमो (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची ऊर्जापातळी) आणि ग्राहीचा लुमो (रिकामी असलेली सर्वांत खालची ऊर्जापातळी) यांच्यातील अंतरावर अवलंबून असतो. त्यामुळे ग्राहीचा लुमो दात्याच्या लुमोपेक्षा खाली हवा, पण गरजेपेक्षा खाली नेल्यास व्होल्टेज हातचा जातो.

पीसीबीएमसारख्या फुलरीनमध्ये, म्हणजे ग्राही म्हणून वापरल्या जाणाऱ्या पोकळ गोलाकार कार्बन-रेणूंमध्ये, या पातळ्या फारशा बदलता येत नाहीत, शिवाय दृश्य प्रकाशाचे शोषणही क्षीण असते. म्हणून आराखड्यासाठी 2019 साली प्रसिद्ध झालेला वाय6 हा ग्राही रेणू समोर ठेवावा. त्याच्या मध्यभागी इलेक्ट्रॉन ओढणारे बेंझोथायाडायाझोल आहे, दोन्ही बाजूंना एकमेकांत सांधलेली पायरोल व थायोफीनची वलये आहेत आणि टोकांना फ्लोरिनयुक्त, इलेक्ट्रॉन खेचणारे गट आहेत. या रचनेमुळे रेणूच्या होमो व लुमोमधील ऊर्जा-अंतर सुमारे 1.33 इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली येते, शोषण सुमारे 930 नॅनोमीटरपर्यंत पोहोचते, आणि पीएम6 या दात्यासोबत तेव्हा 15.7 टक्के कार्यक्षमता मिळाली होती. टोकांच्या फ्लोरिनऐवजी क्लोरीन घेतल्यास शोषण आणखी लांब तरंगलांबीकडे सरकते.

नवशिके संशोधक बहुतेक सगळा वेळ याच सांगाड्यावर घालवतात. माझ्या मते खरी कसोटी पार्श्वशृंखलांची, म्हणजे सांगाड्याच्या बाजूंना जोडलेल्या कार्बन-साखळ्यांची आहे. प्रकाशाने तयार होणारा एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची बांधलेली जोडी, विघटनापूर्वी साधारण 10 नॅनोमीटरच प्रवास करतो, त्यामुळे दाता आणि ग्राही यांची क्षेत्रे त्याच मापाची राहिली पाहिजेत. शृंखला फार आखूड असतील तर रेणू क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाही आणि पातळ थरात त्याचे मोठे गोळे होतात. फार लांब वा पसरट असतील तर शेजारच्या रेणूंची टोके एकमेकांवर बसत नाहीत आणि इलेक्ट्रॉनची वाट तुटते. वाय6च्या बाहेरील थायोफीनवरील सरळ शृंखलांच्या जागी फांद्या असलेल्या शृंखला बसवून केलेल्या एल8-बीओने 2021 साली 18 टक्क्यांचा टप्पा ओलांडला, तोही सांगाडा जसाच्या तसा ठेवून. म्हणूनच एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते.

टोकाचे गट शेवटी नोएवेनागेल संघननाने, म्हणजे पाण्याचा रेणू बाहेर टाकून दुहेरी बंध घडवणाऱ्या अभिक्रियेने, जोडतात. तिथे तयार होणारा कार्बन-कार्बन दुहेरी बंध हाच रेणूचा कमकुवत सांधा आहे. घटात इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या थराला लागून अतिनील प्रकाशात तो तुटू शकतो. कार्यक्षमता मोजण्याआधीच झिंक ऑक्साइडवर पसरलेला थर प्रकाशात ठेवून शोषणपट किती उतरतो, ते पाहावे.