इंग्रजीतील चर्चेला तोंड कसे फोडावे आणि ती आवरती कशी घ्यावी

नागपुरातील पुष्कळ तरुणांना इंग्रजी चांगले वाचता येते आणि लिहिताही येते. परंतु मिहानमधील एखाद्या कंपनीतील निवडीच्या वेळी, परदेशी ग्राहकासोबतच्या ऑनलाइन बैठकीत किंवा प्रवेशाच्या गटचर्चेत ते अडखळतात ते बहुधा पहिल्या आणि शेवटच्या वाक्यापाशीच. मधला भाग निभावून जातो, कारण विषयाची तयारी झालेली असते. सुरुवातीची आणि शेवटची वाक्ये मात्र विषयावर अवलंबून नसतात, आणि म्हणूनच ती आधीपासून जिभेवर बसवून ठेवता येतात.

बैठक आपण बोलावली असेल, तर ‘शॅल वी बिगिन?’ हे वाक्य औपचारिक बैठकीत शोभते आणि ‘लेट्स गेट स्टार्टेड’ हे सहकाऱ्यांमध्ये. अभिवादन करताना घड्याळाचे भान ठेवावे. ‘गुड नाइट’ हे फक्त निरोप घेताना म्हणतात, त्यामुळे रात्री आठ वाजता सुरू होणाऱ्या बैठकीतही ‘गुड ईव्हनिंग’ असेच म्हणावे. समोरची माणसे परदेशात असतील तर तेही पुरत नाही, कारण हिवाळ्यात नागपुरात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचा एक वाजलेला असतो. अशा वेळी ‘हॅलो, एव्हरीवन, थँक यू फॉर जॉइनिंग’ एवढे पुरेसे आहे.

अभिवादनानंतरचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच बहुतेक जण गाळतात. आज जमलेल्यांनी काय करायचे आहे, हे त्या वाक्यातून कळले पाहिजे. ‘वी आर हिअर टु डिसाइड’, ‘वी आर हिअर टु रिव्ह्यू’ आणि ‘वी आर हिअर टु प्लॅन’ या तीन सुरुवातींमध्ये फरक केवळ एका क्रियापदाचा आहे. पण निर्णय घ्यायचा आहे, झालेल्या कामाचा आढावा घ्यायचा आहे की पुढची आखणी करायची आहे, हे त्या एका शब्दाने ठरते आणि पुढची चर्चा भरकटत नाही. येथे ‘डिस्कस’ हे क्रियापद वापरायचे असेल, तर त्यापुढे ‘अबाउट’ लावू नये. मराठीत आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून हा जास्तीचा शब्द सहज तोंडी येतो. इंग्रजीत ‘लेट्स डिस्कस द बजेट’ एवढेच बरोबर आहे. ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ म्हणून पुढे नाव जोडण्याऐवजी ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणावे.

गटचर्चेत अध्यक्ष नसतो आणि पहिले बोलण्याची चढाओढ असते. समजा, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा विदर्भाला किती उपयोग होतो, हा विषय मिळाला. अशा वेळी ‘आय वॉन्ट टु स्टार्ट’ असे म्हणून थांबण्यापेक्षा ‘आय वुड लाइक टु बिगिन विथ द नागपूर ॲग्रीमेंट ऑफ १९५३’ असे म्हणावे आणि दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घेण्याची तरतूद त्या करारात आहे, हे लगेच सांगावे. सौम्य शब्दांत सुरुवात झाली आणि चर्चेला ठोस आधारही मिळाला. दोन-तीन वाक्यांनंतर ‘आय वुड लाइक टु हिअर व्हॉट अदर्स थिंक’ असे म्हणून इतरांना वाट द्यावी. माझ्या मते हे वाक्य पहिल्या वाक्याइतकेच मोलाचे आहे, कारण आपण इतरांचे ऐकायला तयार आहोत हे त्यातून दिसते.

‘टेबल’ या क्रियापदाबाबत एक सावधगिरी बाळगावी. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ विषय चर्चेला आणणे असा होतो आणि अमेरिकन इंग्रजीत विषय लांबणीवर टाकणे असा. दोन्ही देशांतील ग्राहकांशी संबंध येत असेल, तर हा शब्द टाळून ‘लेट्स टेक धिस अप नाऊ’ किंवा ‘लेट्स पोस्टपोन धिस’ असे स्पष्ट बोलावे.

चर्चा आवरती घेताना प्रथम इतरांना अखेरची संधी द्यावी: ‘बिफोर वी क्लोज, डझ एनीवन हॅव एनीथिंग टु ॲड?’ त्यानंतर ‘टु सम अप’ म्हणून झालेले मुद्दे थोडक्यात सांगावेत. ‘इन कन्क्लूजन’ भाषणात किंवा निबंधात ठीक वाटते, पण मतभेद शिल्लक असलेल्या गटचर्चेत ते आपणच निकाल दिल्यासारखे ऐकू येते. ‘ॲट लास्ट’ तर येथे मुळीच चालत नाही, कारण त्यात फार वाट पाहिल्यानंतर एकदाची सुटका झाल्याचा भाव असतो. शेवटचा मुद्दा मांडायचा असेल, तर ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’ म्हणावे. कार्यालयीन बैठकीत सारांशापाशी थांबू नये. ‘सो वी हॅव अग्रीड दॅट’ असे म्हणून ठरलेली गोष्ट एका वाक्यात सांगावी आणि लगेच विचारावे, ‘हू विल डू धिस, अँड बाय व्हेन?’ नाव आणि तारीख सर्वांसमोर उच्चारली गेली, की नंतर ईमेलवर वाद होण्याचा संभव कमी होतो.

एकमत झालेच नाही, तर ‘लेट्स अग्री टु डिसअग्री’ हे वाक्य बरोबरीच्या सहकाऱ्यांपुरतेच ठेवावे. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला ते विषय झटकून टाकल्यासारखे वाटू शकते. त्यांच्यासमोर ‘आय ॲम अफ्रेड वी आर रनिंग आउट ऑफ टाइम, कॅन वी कम बॅक टु धिस ऑन मंडे?’ असे विचारावे आणि होकार मिळताच सोमवारची वेळ दोन्ही देशांच्या घड्याळांनुसार सांगूनच बैठक संपवावी.