पॅनोरमातल्या टेकड्यांवरून मंगळावर उतरलेल्या यानाची जागा कशी काढावी

1997 मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावरच्या एरिस व्हॅलिस या खोऱ्यात उतरलं. त्याची नेमकी जागा सापडली ती क्षितिजावरच्या टेकड्या आधीच्या व्हायकिंग यानांनी कक्षेतून काढलेल्या फोटोंशी जुळवून. ही रीत आधी धुळ्यातल्या एखाद्या गच्चीवर गिरवून बघा.

पॅनोरमा (चौफेर सलग फोटो) दंडगोलाकार प्रक्षेपणातला, म्हणजे आडव्या दिशेत प्रत्येक अंशाला सारखेच पिक्सेल देणारा, आणि पूर्ण 360 अंशांचा हवा. रुंदी 7200 पिक्सेल असेल तर 20 पिक्सेल म्हणजे 1 अंश. उत्तरेचा पिक्सेल ठरला की प्रत्येक टेकडीचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलेला कोन, मिळतो. मंगळाला पृथ्वीसारखं सर्वदूर चुंबकीय क्षेत्र नाही, तिथं होकायंत्र बाद; दिशा सूर्यावरून काढायची. सावली सकाळची किंवा संध्याकाळची धरा. पाथफाइंडर 19 उत्तर अक्षांशावर आहे, धुळे 21 च्या जवळ. उन्हाळ्यात भरदुपारची सावली पायाशीच गोळा होते, तिच्यावरून दिशा कसली काढणार?

सपाट मैदानाचं क्षितिज लाटेसारखं, एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली दिसलं, तर यान कललेलं आहे. आधी ती लाट वजा करा. 2 अंशांचा कल अख्खी टेकडी गिळतो.

आता कक्षेतल्या फोटोवर प्रत्येक टेकडीपासून उलटी रेघ ओढा, म्हणजे दिगंशात 180 मिळवा. रेघा छेदतात तिथं यान. इथंच बहुतेक जण फसतात. धुळ्याहून लळिंगचा किल्ला दक्षिणेला, सोनगीरचा उत्तरेला. दोन्ही रेघा जवळजवळ एकाच ओळीत येतात आणि छेदबिंदू मैलभर घसरतो. पूर्वेची किंवा पश्चिमेची तिसरी खूण घ्याच. जवळची खूण जास्त कामाची: 1 अंशाची चूक 1 किमीवर 17 मीटरची, 30 किमीवर 500 मीटरहून जास्त.

दीड मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याला सपाट मंगळावर क्षितिज जेमतेम 3.2 किमीवर असतं, पृथ्वीवर 4.4. म्हणून 30 किमीवरच्या डोंगराचे तळाचे शंभरेक मीटर दिसतच नाहीत. कक्षेतल्या फोटोवरून काढलेल्या उंचीशी थेट तुलना करू नका. विवरही खड्डा म्हणून दिसत नाही, त्याची कड बुटक्या वरंब्यासारखी दिसते. पाथफाइंडरच्या दक्षिणेकडचं बिग क्रेटर तसंच.

शेवटी उंचीचा ताळा घ्या. पाथफाइंडरजवळच्या ट्विन पीक्स या जोडटेकड्या साधारण 1 किमीवर, 30 ते 35 मीटर उंच, म्हणजे पॅनोरमात पावणेदोन ते दोन अंश भरायला हव्यात. तुमची टेकडी अशा हिशेबातल्या कोनाच्या निम्मी भरली, तर रेघा कितीही छान जुळलेल्या असोत, टेकडी चुकीची धरलीय.