घरासाठी निसर्गचित्र रंगवताना त्यात गोष्ट कशी गुंफावी

घरातले चित्र रोज नजरेसमोर असते, त्यामुळे त्यातली गोष्ट एका दृष्टिक्षेपात संपून चालत नाही. पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराने १५६५ साली आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहरातील एका व्यापाऱ्याच्या घरासाठी ऋतूंची चित्रमालिका रंगवली. तिच्यातल्या ‘बर्फातील शिकारी’ या चित्रात तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून उतारावर निघालेले आहेत, त्यांच्याजवळ शिकार म्हणून जेमतेम एक कोल्हा आहे, कुत्री दमलेली आहेत आणि खाली गोठलेल्या तळ्यांवर माणसे मजेत खेळत आहेत. कोणाचाही चेहरा नीट न दाखवता दिवस कसा गेला हे कळते.

म्हणून आधी प्रसंग ठरवावा आणि तो घडून गेल्यानंतरचा किंवा घडण्यापूर्वीचा क्षण निवडावा. ऐन प्रसंग रंगवला की पाहणाऱ्याला कल्पना करायला काही उरत नाही. माणूस लहान ठेवावा, पण पायवाट, कुंपण किंवा झाडांची रांग नजरेला त्याच्यापर्यंत नेईल अशी योजावी. दूरचे डोंगर फिकट व निळसर, जवळची माती उबदार आणि गडद रंगवली की चित्रात दूर-जवळचा भास आपोआप येतो. क्षितिज बरोबर मध्यावर घेणे मी टाळतो, कारण त्याने चित्र दुभंगते.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटीमीटरवर ठेवावा. जलरंगातले चित्र असेल तर थेट उन्हाची भिंत नको, रंग उडतात.