फायब्रोसिसच्या ट्रायलमधल्या नव्या गोळीची आस लागली असेल तर आधी काय काय करायचं

आमच्या बाबांना फुफ्फुसाचा फायब्रोसिस आहे हे कळून आता तीन वर्षं होतील, आम्ही विदर्भात आर्वीकडच्या एका गावात राहतो, शेती कपाशी-तुरीची, आणि या तीन वर्षांत बाबांनी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे, "नवी गोयी कधी येईन बाप्पा आपल्याकडे?" कोणीतरी व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवतं, अमेरिकेत औषध निघालं, मग दोन दिवस घरात तीच चर्चा, मग नागपूरला फोन, मग पुन्हा शांतता. आता आजूबाजूच्या गावातले लोकही मला फोन करून हेच विचारतात म्हणून जे आम्ही धडपडत शिकलो ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या छातीच्या डॉक्टरशी बोलूनच घ्या, पण त्यांच्यापुढे बसण्याआधी काय तयारी करायची ते मला आता चांगलं माहीत आहे.

सगळ्यात आधी आपल्याला नेमका कोणता फायब्रोसिस आहे ते कागदावर लिहून घ्या. फायब्रोसिस म्हणजे जखम भरल्यावर जशी जाड, कडक कातडी येते तसं आतल्या अवयवात होणं, ते फुफ्फुसात होतं, लिव्हरमध्ये होतं, किडनीत होतं, आणि फुफ्फुसातले प्रकारही बरेच आहेत. ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची माणसांवरची चाचणी, कधीच "फायब्रोसिस"साठी नसते, ती एका ठराविक प्रकारासाठी असते, त्यामुळे नुसतं "फुफ्फुस आकसलंय म्हणे" एवढं सांगून कोणी आत घेत नाही. बाबांचा खोकला सुरू झाला तेव्हा एका डॉक्टरनं थुंकीत जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, सहा महिने गेले, आणि तो गेलेला वेळ मला अजून खुपतो. कोरडा खोकला, चढावर दम, पाठीला नळी लावली की वेल्क्रो उघडल्यासारखा चरचर आवाज, बोटांची टोकं फुगलेली, असं असेल तर एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन, झाल्याशिवाय थांबू नका.

आणि एक गोष्ट आपल्या विदर्भासाठी फार महत्त्वाची आहे. भारतातल्या १०८४ रुग्णांची एक नोंदणी २०१७ मध्ये छापून आली, त्यात सगळ्यात जास्त, ४७ टक्क्यांच्या आसपास, निघाला तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासावाटे जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांची विष्ठा, पिसं असल्या गोष्टींनी फुफ्फुसाला येणारी सूज, जी पुढं फायब्रोसिस होते. या रुग्णांतल्या जवळपास निम्म्या लोकांचा एअर कूलरशी संबंध होता. कूलर! आपल्याकडे मार्च ते जून कूलरशिवाय कोण झोपतं, आणि ताटीवर काळी बुरशी धरलेली असते तरी आपण दरवर्षी तीच ताटी ओली करून लावतो. कबुतरं माळ्यावर, ओलं कुटार (गुरांचा भुसा) कोठ्यात, सगळं घरातच. आमच्याकडे कूलर काढला, कबुतरांची जागा बंद केली, कुटार बाबांनी हलवायचं बंद केलं. तुमच्या पेशंटला हा प्रकार असेल तर नवीन औषध शोधण्याआधी हे करा, कारण आजाराचं मूळ घरातच ठेवून वरून कितीही भारी गोळी दिली तरी काय उपयोग.

मग फाइल बनवा. एचआरसीटीची फिल्म नाही तर सीडी पाहिजे, ट्रायलवाले ती स्वतः बघतात. पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, करताना एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन किती हवा बाहेर टाकता येते) सोबत डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो) सुद्धा करून घ्या, ही डीएलसीओ सगळीकडे होत नाही, आम्हाला त्यासाठी नागपूरला जावं लागलं. सहा मिनिटं चालण्याची टेस्ट, लिव्हरचं रक्त, ईसीजी, इको, संधिवाताच्या प्रकारची रक्ततपासणी. प्रत्येक पीएफटीची तारीख आणि एफव्हीसीचा आकडा एका वहीत एकाखाली एक लिहा, ही वही मी सगळ्यात महत्त्वाची मानतो, डॉक्टर दोन मिनिटात पाहून सांगतात की आजार पळतोय की रेंगाळतोय. आधी काय काय औषधं घेतली, त्यात वैदूचा काढा असेल तर तोही लिहा, लाजू नका, काही काढे लिव्हरला बाधतात आणि ट्रायलमध्ये लपवलं तर नुकसान आपल्याच माणसाचं.

आता जी औषधं आज मिळतात त्यांच्याबद्दल, कारण नव्याच्या नादात लोकं जुनी बंद करतात आणि ही सगळ्यात मोठी चूक आहे. पिरफेनिडोन जपानमध्ये २००८ ला आलं, भारतात २०१० ला, आणि अमेरिकेनं मंजूर केलं ते ऑक्टोबर २०१४ मध्ये, त्याच दिवशी निंटेडानिबही मंजूर झालं. म्हणजे आपल्याकडे हे अमेरिकेच्या चार वर्षं आधी होतं. दोन्ही औषधं आजार उलटवत नाहीत, फुफ्फुसाची घसरण जवळपास निम्म्यावर आणतात. बाबांना हे पटायला वर्ष लागलं, "गोयी खाऊन बरं काऊन वाटत नाही मले?" आणि मी सांगायचो की बाबा बरं वाटणार नाही, वाईट हळू होणार. पिरफेनिडोन पोटभर जेवणासोबतच घ्या नाहीतर मळमळ होते, आणि त्यानं ऊन सोसत नाही, अंगावर चट्टे येतात, आपल्याकडच्या मे महिन्यात हे गमतीत घेऊ नका, पूर्ण बाह्यांचा सदरा, दुपट्टा, वावरात जायचं तर सकाळी सकाळी. निंटेडानिबनं जुलाब होतात आणि लिव्हरची तपासणी वेळच्या वेळी लागते. त्रास होतोय म्हणून मनानं बंद करू नका, डोस कमी करता येतो, विचारा.

बातमी कशी वाचायची ते आता. बातमीत तीन गोष्टी शोधा, कोणता फेज, किती माणसं, आणि कशाशी तुलना. पहिला फेज म्हणजे औषध माणसाला सोसतं का, दुसरा म्हणजे थोड्या रुग्णांवर डोस आणि अंदाज, तिसरा म्हणजे शेकडो रुग्णांवर खरी परीक्षा. या आजारात दुसऱ्या फेजच्या बातमीवर नाचू नका, मी नाचलोय आणि तोंडघशी पडलोय. पॅम्रेव्हलुमॅब नावाचं औषध दुसऱ्या फेजमध्ये चांगलं दिसलं, २०२३ मध्ये तिसऱ्यात अपयशी ठरलं. झिरिटॅक्सेस्टॅटची ट्रायल २०२१ मध्ये थांबवावी लागली. बेक्सोटेग्रास्टबद्दल तर जगभरच्या पेशंटना केवढी आशा होती, २०२५ च्या सुरुवातीला तीही थांबली. आणि सगळ्यात मोठा धडा २०११ चा, तेव्हा प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन हे तीन औषधांचं मिश्रण डॉक्टर नेहमी द्यायचे, अमेरिकेत त्याची नीट ट्रायल घेतली तर कळलं की आयपीएफच्या, म्हणजे कारण न सापडणाऱ्या फुफ्फुसाच्या फायब्रोसिसच्या, रुग्णांमध्ये त्यानं मृत्यू वाढतात, ट्रायलचा तो भाग मध्येच बंद केला. म्हणजे चांगल्या मनानं दिलेलं औषधही मारक निघू शकतं, म्हणून तर खोट्या गोळीशी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करतात.

पण आशा खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. नेरँडोमिलास्टला अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये आयपीएफसाठी मंजुरी मिळाली, इतक्या वर्षांनी या आजाराला नवीन औषध आलं, त्या रात्री मी खरंच रडलो. त्याची तिसऱ्या फेजची ट्रायल ११७७ रुग्णांवर झाली. वर्षभरात खोट्या गोळीवाल्यांचा एफव्हीसी सरासरी १८४ मिली कमी झाला, आणि औषधाचा १८ मिलीग्रॅमचा डोस घेणाऱ्यांचा ११५ मिलीच्या आसपास. फरक सत्तर मिलीचा, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढा. ऐकायला कमी वाटतं पण ज्याचा श्वासच मोजून मापून उरलाय त्याला विचारा. जुलाब यातही होतात. लिव्हरवाल्यांसाठीही हालचाल आहे, फॅटी लिव्हरमुळे येणाऱ्या फायब्रोसिसला रेस्मेटिरोम मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण सिरोसिसपर्यंत गेलेल्यांसाठी ती मंजुरी नव्हती.

भारतात चालू असलेल्या ट्रायल शोधायची जागा म्हणजे सीटीआरआय, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, सरकारी वेबसाइट आहे, फुकट आहे, आणि जून २००९ पासून औषधाच्या प्रत्येक ट्रायलची नोंद तिथं करणं बंधनकारक आहे. सर्चमध्ये "पल्मोनरी फायब्रोसिस" किंवा "इंटरस्टिशियल लंग डिसीज" इंग्रजीत टाका, गावातल्या बारावीच्या पोराला जवळ बसवा. प्रत्येक नोंदीत स्टेटस बघा, भारतापुरतं "ओपन टू रिक्रूटमेंट" असेल तरच पुढं वाचा. मग साइटची, म्हणजे ट्रायल चालणाऱ्या दवाखान्यांची, यादी, नागपूर आहे का, नसेल तर पुणे, मुंबई, हैदराबाद कुठलं जमेल. मग इन्क्लुजन आणि एक्सक्लुजन, म्हणजे कोणाला घेतात आणि कोणाला नाही. आयपीएफच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा वय ४० च्या वर, एफव्हीसी आणि डीएलसीओ ठराविक टक्क्यांच्या वर, एचआरसीटी अलीकडचा, लिव्हर नीट. इथंच ती वही कामाला येते. खाली नाव-नंबर दिलेला असतो, फोन करा, उचलला नाही तर ईमेल करा, आणि आपल्या डॉक्टरकडून एक चिठ्ठी घेऊन पाठवा, चिठ्ठीनं लवकर उत्तर येतं असा माझा अनुभव आहे.

बोलावणं आलं तर संमतीपत्र घरी आणा, तिथल्या तिथं सही करू नका. मराठीत मागा, हक्क आहे. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार समोर लागतो. सही केलेली एक प्रत आपल्याकडे ठेवा. विचारायचं काय, तर खोटी गोळी मिळण्याची शक्यता किती, सध्याची पिरफेनिडोन किंवा निंटेडानिब चालू ठेवायची का, किती फेऱ्या, येण्याजाण्याचे पैसे कधी मिळतात, सोबतच्या माणसाचे मिळतात का, रात्री अडीच वाजता दम लागला तर कोणाला फोन करायचा, ट्रायल संपल्यावर औषध मिळेल का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. औषधाच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि गंभीर त्रास झाला तर डॉक्टरनं २४ तासांत वर कळवायचं असतं. मधेच सोडायचं असेल तर सोडता येतं, त्यासाठी कोणी तुमचा नेहमीचा इलाज बंद करू शकत नाही.

आणि राजेहो, ट्रायलचं औषध विकत नसतं. कोणी म्हणालं की दोन लाख द्या, परदेशातलं प्रयोगाचं औषध देतो, तर उठून बाहेर या. स्टेम सेलवाल्यांचंही तेच, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणी झालेल्या ट्रायलमध्येच देता येतात, पैसे घेऊन नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं दोन एकर वावर विकलं यात. सीटीआरआयचा नंबर मागा, देत नसेल तर विषय संपला.

पेशंटशी मात्र सगळं खरं बोला. मी बाबांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "लोकाइच्या कामी येईन ते ठीक आहे, पण मले काय भेटीन?" मी सांगितलं की कदाचित काहीच नाही, कदाचित वर्षभर खोटी गोळी, पण तपासणी नियमित होईल, डॉक्टर नजर ठेवतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले चालते मग, पन कापूस येचून झाल्यावर. तोपर्यंत एफव्हीसी ट्रायलच्या हद्दीखाली गेला आणि त्यांना घेतलं नाही. म्हणून सांगतोय, ठरलं असेल तर हंगामाची वाट पाहू नका.

नाही घेतलं तर कारण लिहून मागा. लिव्हरचा आकडा किंवा जुना सीटी असेल तर पुन्हा जाता येतं. दरम्यान फ्लू आणि न्यूमोनियाची लस, श्वासाचे व्यायाम, चुलीच्या धुरापासून लांब, ऑक्सिजन लागत असेल तर लाइट जाते म्हणून सोबत भरलेला सिलेंडर. फुफ्फुस प्रत्यारोपणाबद्दल वय असेपर्यंतच विचारून घ्या. आणि नागपूरला सकाळच्या एसटीनं जाताना डबा घ्या, दुपारची गोळी उपाशी पोटी जाऊ देऊ नका, ओपीडीत नंबर तीन वाजता लागतो.