व्ही-क्रॉसचा टायर घासत होता, शेवटी जुन्या रिमवरच काम झालं

माझी २०१६ ची व्ही-क्रॉस (इसुझूचा पिकअप), कंपनीचे टायर २४५/७० आर १६ (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचात), रिम ७ इंची रुंद आणि ऑफसेट +३३ (रिम गाडीला जिथे बसते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते, रिमच्या आतल्या बाजूला कोरलेलं असतं बघा). मला हवे होते २६५/७० आर १६, आणि दुकानातले काका म्हणाले ८ इंची झिरो ऑफसेट रिम घ्या एकदम बसतील, मी पण घेऊन टाकले. आंबोलीच्या पहिल्याच वळणावर खर्रर्र! स्टिअरिंग जास्त वळवलं की टायर पुढच्या मडफ्लॅपला घासायचा, वर चिखल सगळा दारावर.

मग घरी कागदावर मांडलं. रिम एक इंच रुंद म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी आणि ऑफसेट ३३ ने कमी झाला की अख्खं चाक ३३ बाहेर, म्हणजे बाहेरची कड जवळपास ४६ मिमी बाहेर आली आणि आतली सस्पेन्शनपासून २० मिमी लांब गेली. आत जागा पडून आणि बाहेर घासतंय! चाक इतकं बाहेर गेलं की चाकाच्या बेअरिंगवर पण लोड वाढतो, ते मला अजिबात नको होतं.

२६५ ला ७ इंची रिम चालते, म्हणून तेच टायर जुन्या रिमवर चढवले, बाहेर फक्त साधारण १० मिमी वाढलं. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून (फुल लॉक) बघितलं, आत सस्पेन्शनच्या आर्मला बोट जाईल एवढी जागा आहे, घासणं पूर्ण बंद. स्पीडोमीटरवर ८० दिसतं तेव्हा आता आधीपेक्षा ३-४ टक्के जास्त पळते गाडी, तेवढं लक्षात ठेवा. ८ इंचीच हवी असेल तर +२० च्या आसपास बघा, आतली कड जुन्या रिमच्याच जागी राहते.